भूकंप, दरड, महापूर : लेकरांनी घेतलेला धसका ओळखायचा कसा आणि घालवायचा कसा?

कोयनानगर : कोयना खोऱ्यात जमीन हादरणं नवीन नाही. मांडणीवरची भांडी खणखणतात, पत्रा वाजतो आणि चार-पाच सेकंदांत सगळं शांत होतं. मोठी माणसं "सौम्य होता" म्हणतात आणि कामाला लागतात. पण एखाद्या घरात असं लेकरू असतं, जे त्या रात्री झोपत नाही. दिवा मालवू देत नाही, आईचा पदर सोडत नाही, दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून शाळेला जात नाही.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, 'धसका'. डॉक्टर त्याला मानसिक आघात म्हणतात. घर पडलं तर पंचनामा होतो, जनावर गेलं तर पंचनामा होतो. धसक्याचा पंचनामा होत नाही. म्हणून तो घरच्यांनी, शाळेने आणि गावानेच ओळखावा लागतो. तो कसा ओळखायचा, घरी काय करायचं, कुठे जायचं आणि पावसाळ्याआधी गावाने काय तयारी ठेवायची, याची ही माहिती.

खोऱ्याने काय काय पाहिलं

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. लोक साखरझोपेत असताना कोयनानगरला सहाच्या वर रिश्टरचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. कोयनानगरची बहुतेक घरं पडली किंवा राहण्यालायक उरली नाहीत. त्या पहाटे जी पाच-दहा वर्षांची पोरं होती, ती आज आजी-आजोबा आहेत. त्यातल्या काहींना अजूनही पहाटे चारच्या सुमारास जाग येते, तर काही जण आजही दाराला आतून कडी घालत नाहीत. त्या काळी मुलांच्या मनाचं काय झालं हे विचारायची रीतच नव्हती.

१९६७ नंतरही धक्के थांबले नाहीत. धरणात पाणी साठायला लागल्यापासून या भागात भूकंप सुरू झाले आणि अर्धशतकाहून जास्त काळ ते चालू आहेत. बहुतेक धक्के लहान असतात, पण त्यामुळे मनाला 'आता संपलं' असं म्हणता येत नाही.

मग आली २२ जुलै २०२१ ची रात्र. त्या दिवशीच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. तिन्ही ठिकाणी मिळून ३० च्या आसपास माणसं गेली. त्याच दिवशी घाटाखाली महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं. खाली सांगली जिल्ह्यात कृष्णा-वारणेच्या काठाने २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला महापूर पाहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणारी बोट उलटून गावकरी बुडाले.

या सगळ्या ठिकाणी मुलं होती. काहींनी माणसं गमावली, काहींनी घर. काहींचं घर शाबूत राहिलं, पण त्यांनी रात्रीच्या अंधारात डोंगराचा आवाज ऐकला. काहींची लाडकी शेळी, कुत्रं, वासरू गेलं. मोठ्यांना हे नुकसान छोटं वाटतं, पण मुलाच्या हिशेबात ते घरातलं माणूसच असतं.

धसका म्हणजे नेमकं काय होतं?

धोका दिसला की शरीर आपोआप तयार होतं. छाती धडधडते, श्वास वाढतो, हातपाय ताठ होतात, पळायचं की लपायचं हे क्षणात ठरतं. यामुळेच जीव वाचतो. धोका गेला की ही घंटा बंद व्हायला हवी. मोठ्या आपत्तीनंतर ती काही दिवस बंद होत नाही. जरा खुट्ट झालं तरी वाजते.

पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की वाजते. महामार्गावरून अवजड गाडी जाताना जमीन थरथरली की वाजते. धरणाचे दरवाजे उघडण्याआधीचा भोंगा, ओल्या मातीचा वास, रात्री लाईट जाणं, यातलं काहीही पुरतं. मुलाला कळत असतं की आत्ता काही झालेलं नाही, पण शरीर ऐकत नाही. म्हणून "एवढ्याला काय घाबरतोस?" असं म्हणून उपयोग होत नाही. तो मुद्दाम घाबरत नसतो.

दुसरी गोष्ट चांगली आहे. बहुतेक मुलं काही आठवड्यांत, काही महिन्यांत सावरतात, तीही कोणत्याही खास उपचाराशिवाय. अट एवढीच की त्यांना जवळचं माणूस, सुरक्षित जागा आणि रोजचा दिनक्रम परत मिळायला हवा. थोडी मुलं मात्र अडकून पडतात. त्यांना वेळेत ओळखणं हे खरं काम.

कोणत्या वयात काय दिसतं?

पाच वर्षांपर्यंत : आईला सोडत नाही. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं. बोबडं बोलायला लागतं, अंगठा चोखतं. रात्री किंचाळून उठतं. हे लाडावणं नव्हे. पोर भीतीने मागच्या, सुरक्षित वाटणाऱ्या वयात जातं. मारू नका, चिडवू नका.

सहा ते बारा वर्षं : पोटदुखी, डोकेदुखी, पण तपासणीत काही निघत नाही. अभ्यासात लक्ष लागत नाही. शाळेला नको म्हणतं. एकच खेळ परत परत खेळतं : मातीचं घर करायचं, वरून ढिगारा ढकलायचा, मग उकरायचं. बघणाऱ्याला कसंसंच होतं, पण हा खेळ थांबवू नये. मूल घडलेलं हाताने समजून घेत असतं. खेळ दर वेळी तसाच संपत असेल आणि मूल जास्तच घाबरत असेल, तर शेजारी बसून विचारावं, "आता ह्यांना वाचवायला कोण येणार?" आणि सुटका करणारी माणसं खेळात आणावीत.

याच वयात एक लपलेली गोष्ट असते, ती म्हणजे दोष. "मी आदल्या दिवशी आईशी भांडलो म्हणून दरड आली." "मी बहिणीचा हात सोडला." मूल हे स्वतःहून सांगत नाही. मोठ्यांनीच न विचारता सांगून ठेवावं : "हे पावसामुळे आणि डोंगरामुळे झालं. तुझ्यामुळे नाही."

तेरा ते अठरा वर्षं : हे वय फसवतं. पोरगा रडत नाही, उलट कर्ता माणूस होतो. मदतीचे ट्रक उतरवतो, धाकट्यांना सांभाळतो. सगळे म्हणतात, "लय शहाणा आहे." आतून तो पोखरलेला असू शकतो. चिडचिड, भांडणं, रात्रभर मोबाइल, तंबाखू किंवा दारू, गाडी सुसाट चालवणं, "शिकून काय करायचंय" ही भाषा, या खुणा बघाव्यात. मुलींच्या बाबतीत घरचे 'जबाबदारी उरकून टाकू' म्हणून लग्नाची घाई करतात. आपत्तीनंतरचं हे दुसरं संकट आहे. १८ वर्षांआधी लग्न हा गुन्हा आहेच, शिवाय सावरायच्या आत पोरीवर दुसरा आघात होतो.

गप्प झालेलं पोर सावरलेलं नसतं

गावाकडे सर्वांत जास्त चूक इथे होते. रडणारं मूल सगळ्यांना दिसतं. शांत बसणारं दिसत नाही. "त्याला काही झालं नाही, तो खंबीर आहे" म्हणून सोडून दिलं जातं.

कोयनेच्या भूकंपाच्या वर्षभर आधी, २१ ऑक्टोबर १९६६ ला, ब्रिटनमधल्या वेल्स भागात अॅबरफॅन नावाच्या गावात कोळसा खाणीच्या राडारोड्याचा ढीग पाण्याने भिजून डोंगरावरून घसरला आणि थेट शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. जी मुलं वाचली, त्यांना ३३ वर्षांनी डॉक्टरांनी परत तपासलं. तेव्हा ती चाळिशीच्या आसपास पोचली होती. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी या आघाताचा आजार झाला होता. दर दहातल्या तिघांना तर तो तेव्हाही होता. म्हणजे वेळ गेला की सगळंच आपोआप भरून येतं, असं नाही.

म्हणून चार-सहा महिन्यांनी, सगळी मदत थांबल्यावर आणि पाहुणे निघून गेल्यावर, त्या गप्प पोराकडे परत एकदा बघावं. पहिली वर्षतिथी, पहिला पावसाळा आणि पहिली दिवाळी हे तीन दिवस जड जातात.

पहिल्या काही दिवसांत काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने आपत्तीसाठी 'मानसिक प्रथमोपचार' नावाची पद्धत सांगितली आहे. ती करायला डॉक्टर लागत नाही. शिक्षक, आशाताई, अंगणवाडीसेविका, चुलती-मामी कुणीही करू शकतं. तीन पायऱ्या आहेत : बघा, ऐका, जोडून द्या.

बघा : मूल सुरक्षित आहे का, भुकेलं आहे का, ओलं आहे का, कुणाला शोधतंय का?

ऐका : शेजारी बसा, त्याच्या उंचीवर या. बोललं तर ऐका, नाही बोललं तरी बसा.

जोडून द्या : आई-वडील, आजी, मित्र, शाळा, दवाखाना यांच्याशी गाठ घालून द्या.

एक गोष्ट करायची नाही. "काय काय झालं ते सगळं सांग, मोकळा हो" असा आग्रह धरू नका. जबरदस्तीने सगळं वदवून घेतल्याने फायदा होत नाही, कधी कधी त्रास वाढतो. स्वतःहून सांगेल तेवढंच ऐकावं. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा, पुढारी आणि पत्रकार मुलाला पहिल्यापासून विचारायला लागतो, तेही थांबवावं. घरातल्या एका मोठ्या माणसाने सरळ सांगावं, "पोराला विचारू नका, मी सांगतो."

घाबरं झालेल्या मुलाला त्या क्षणी शांत करायला दोन सोपे उपाय आहेत. पहिला, समोर दिवा आहे असं समजून फुंकर घालायची, पण ज्योत विझवायची नाही, नुसती हलवायची. श्वास हळू सुटतो आणि छाती शांत होते. दुसरा, पाय जमिनीला टेकवून समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं सांगायची. मन त्या रात्रीतून इथे परत येतं. हे आधी खेळ म्हणून शिकवून ठेवलं, तर धक्का आल्यावर आठवतं.

रात्री काही आठवडे मूल जवळ झोपलं तर बिघडत नाही. कमी उजेडाचा दिवा राहू द्या. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने किंवा मेडिकलवाल्याला विचारून देऊ नका.

मरण कसं सांगायचं?

"बाबा गावाला गेलेत", "आजी झोपलीय", "देवाला आवडली म्हणून नेली". हे मायेने बोललं जातं, पण मूल शब्दशः धरतं. गावाला गेलेला माणूस परत येतो, म्हणून ते वाट बघत बसतं. झोपलेली आजी उठली नाही, म्हणून स्वतः झोपायला घाबरतं. देवाने नेली म्हटलं, तर देवाची भीती घेतं.

साध्या शब्दांत सांगावं : "दरडीखाली बाबा वारले. त्यांचं शरीर आता चालत नाही. ते परत येणार नाहीत. तुझ्याजवळ मी आहे." हे सांगणारं माणूस मुलाच्या सर्वांत जवळचं असावं. लहान मूल तोच प्रश्न दहा वेळा विचारेल, दहा वेळा तेच उत्तर द्यावं. त्याच्यादेखत रडलात तरी चालतं. रडू येणं वाईट नाही, हे त्याला कळतं.

दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध यात मुलाला यायचं असेल तर येऊ द्यावं. नको असेल तर ओढून नेऊ नये. फुलं वाहणं, फोटोला हार घालणं असं छोटं काम दिलं तर त्याला निरोप देता येतो.

शाळा हे सर्वांत मोठं औषध

आपत्तीनंतर मुलाच्या आयुष्यात जी गोष्ट सर्वांत आधी नीट व्हायला हवी, ती म्हणजे रोजची घंटा. उठणं, आंघोळ, प्रार्थना, पोषण आहार, मैदान. अभ्यास मागे पडला तर चालेल, पण दिवसाला आकार हवा. एकाच वर्गात तसंच भोगलेली दुसरी मुलं भेटली की 'मी एकटाच नाही' हे कळतं.

७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनिया देशात भूकंप होऊन किमान २५ हजार लोक गेले. दीड वर्षाने तिथल्या काही शाळांत मुलांना गटात आणि एकेकटं बसवून दुःखावर बोलतं केलं गेलं. पुढे तपासलं, तेव्हा त्या मुलांचा त्रास कमी झाला होता. ज्या शाळांत हे झालं नाही, तिथल्या मुलांचा त्रास वाढला, उदासीही वाढली. यातून दोन गोष्टी समजतात. शाळेत हे करता येतं, आणि दीड वर्ष उलटलं तरी उशीर झालेला नसतो. २०२१ च्या दरडीतल्या किंवा महापुरातल्या एखाद्या मुलाचा त्रास आजही चालू असेल, तर आजही सुरुवात करता येते.

आपल्या राज्यात ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव झोपलेलं असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसं गेली. त्यानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. तिथल्या लोकांच्या मनावर झालेल्या परिणामांचा अभ्यास पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने झाला. भूकंपानंतर मनालाही उपचार लागतात, ही गोष्ट महाराष्ट्रात त्यानंतर गांभीर्याने घेतली जाऊ लागली. पुढे भूज आणि त्सुनामीनंतर बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून मुलांसाठी खेळ, चित्रं आणि गोष्टी यांचा वापर केला.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. दरडीचा किंवा पुराचा धोका आला की लोकांना हलवायची पहिली जागा म्हणजे शाळाच. सगळ्या खोल्यांत निवारा झाला की शाळा बंद. म्हणजे मुलाला ज्याची सर्वांत जास्त गरज, तेच त्याच्याकडून काढून घेतलं जातं. यावर उपाय अवघड नाही. निवाऱ्यात एक खोली मुलांसाठी राखून ठेवायची, नाहीतर देवळाच्या सभामंडपात वर्ग भरवायचा. रोज ठरलेल्या वेळी दोन-तीन तास. खडू, कागद, रंग, चेंडू आणि एक शिक्षक एवढं पुरतं.

मोबाइलमधली दरड

१९६७ ला नव्हतं असं एक संकट आज प्रत्येकाच्या खिशात आहे. दरड कोसळतानाचा व्हिडिओ, ढिगाऱ्यातून काढलेल्या देहांचे फोटो दिवसभर ग्रुपवर फिरतात. मोठी माणसं बघतात, शेजारी बसलेलं पोरही बघतं. लहान मुलाला तो जुना व्हिडिओ आहे हे कळत नाही. त्याला वाटतं, परत कोसळली. जगभर झालेल्या अभ्यासांत दिसलंय की आपत्तीची दृश्यं सारखी बघणाऱ्या मुलांना, ती स्वतः लांब असली तरी, त्रास जास्त होतो.

म्हणून असे व्हिडिओ पुढे पाठवू नयेत. मुलांच्या हातातल्या फोनवर ते आपोआप उतरणार नाहीत अशी सेटिंग करावी. "उद्या आठ रिश्टरचा भूकंप होणार" असे मेसेज खोटे असतात. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणारं यंत्र जगात कुठेही नाही.

परत धक्का आला तर?

कोयनेतल्या मुलाला "आता कधीच भूकंप होणार नाही" असं सांगू नका. पुढच्या महिन्यात धक्का आला की तुमच्या शब्दावरचा त्याचा भरवसा उडेल. खरं सांगा : "इथे धक्के येतात. बहुतेक लहान असतात. आला तर काय करायचं, हे आपल्याला माहीत आहे."

आणि ते खरंच माहीत असू द्या. शाळेत बेंचखाली जायचं, डोकं झाकायचं, हादरा थांबला की रांगेत मैदानात यायचं. घरातून बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची. घरच्यांनी एकत्र जमायची एक जागा ठरवायची. टॉर्च कुठे आहे हे पोरालाच ठरवू द्या. जपानमध्ये दर वर्षी १ सप्टेंबरला देशभर असा सराव होतो. सरावाने जीव तर वाचतोच, शिवाय 'माझ्या हातात काहीतरी आहे' ही भावना येते. धसक्यावर याइतका चांगला उतारा नाही.

१९६७ पाहिलेल्या आजी-आजोबांचा इथे मोठा उपयोग आहे. त्यांनी फक्त पडझड सांगू नये. कुणी कुणाला बाहेर काढलं, कुणी भाकऱ्या आणून दिल्या, नंतर घर कसं उभं राहिलं, हे सांगावं. नातवाला कळतं की एवढ्या मोठ्या भूकंपातून माणूस वाचतो, म्हातारा होतो आणि हसतोसुद्धा.

अंगारा की दवाखाना?

पोर दचकतंय, रात्री ओरडतंय, एकटक बघतंय, की गावात लगेच "झपाटलंय" म्हणतात. देवाला नारळ ठेवल्याने, अंगारा लावल्याने घरच्यांना धीर येत असेल तर त्यात वाईट नाही. पण मुलाला मारणं, मिरचीची धुरी देणं, उपाशी किंवा कोंडून ठेवणं हा छळ आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असले अघोरी प्रकार गुन्हा ठरतात. आधीच घाबरलेल्या लेकराला आणखी घाबरवून धसका जात नाही.

दवाखान्यात कधी जायचं? महिना उलटला तरी झोप, जेवण, शाळा, खेळ यापैकी काही रुळावर येत नसेल तर. आणि पुढच्या गोष्टी दिसल्या तर महिनाही थांबू नये, लगेच जावं : "मला मरायचंय" असं बोलणं, स्वतःला इजा करणं, खाणंपिणं सोडणं, माणसं न ओळखणं, झटके येणं, व्यसन सुरू होणं.

जाणं म्हणजे पोर वेडं ठरणं नव्हे. तिथे बहुतेक वेळा गोळ्यांनी सुरुवात होत नाही. प्रशिक्षित माणूस मुलाशी हळूहळू, खेळातून आणि चित्रातून बोलतो, भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवतो, पालकांनाही शिकवतो.

आई-वडील गमावलेली मुलं

अशा मुलाला लांबच्या संस्थेत पाठवायची घाई करू नये. कायद्यानेही संस्था हा शेवटचा पर्याय आहे. आजी, काका, मामा यांच्याकडे, ओळखीच्या गावात, आपल्या भावंडांसोबत राहणं हे आधी बघायचं. भावंडांची वाटणी करू नये. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठी राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. त्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. एक पालक गेला असेल तरी अर्ज करता येतो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा. मुलाचा निर्णय बाल कल्याण समितीपुढे होतो. "आम्ही घेऊन जातो" म्हणत येणाऱ्या अनोळखी माणसाच्या ताब्यात मूल देऊ नये. तशी शंका आली तर १०९८ ला फोन करावा.

पावसाळ्याआधी गावाने करायच्या गोष्टी

१. निवाऱ्यात मुलांसाठी एक खोली किंवा जागा आधीच ठरवावी, ग्रामसभेत नोंद करावी.

२. एका पेटीत कागद, रंग, चेंडू, गोष्टींची पुस्तकं भरून ठेवावीत. मुलाच्या आवडीची एक वस्तू घरच्या पिशवीतही असावी.

३. आशाताई, अंगणवाडीसेविका, एक शिक्षक आणि दोन तरुण यांना मुलांची जबाबदारी वाटून द्यावी.

४. मागच्या आपत्तीत माणूस किंवा घर गमावलेल्या मुलांची यादी शाळेने ठेवावी आणि जून-जुलैत त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावं. यादी भिंतीवर लावू नये.

५. स्थलांतराच्या दिवशी मुलांना आधी सांगावं : कुठे जातोय, किती दिवस, सोबत कोण, जनावरांचं काय. झोपेतून उठवून नुसतं उचलून नेलं की तेच त्याच्या लक्षात राहतं.

६. आई-वडिलांचीही विचारपूस करावी. खचलेल्या आईला दोन तास झोप मिळाली, बापाला कुणीतरी "तू कसा आहेस" विचारलं, तर त्याचा फायदा थेट मुलाला होतो.

मदत कुठे मिळेल?

टेली-मानस : १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतून बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही.

चाइल्डलाइन : १०९८. मुलांसाठी मोफत, २४ तास.

तातडीची मदत : ११२. रुग्णवाहिका : १०८.

गावात : आशाताई, आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगता येतं.

पुढच्या उपचारांसाठी : पाटण ग्रामीण रुग्णालय, कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय. सांगलीकरांसाठी पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात हे आशाताईंकडून किंवा टेली-मानसवर विचारून घ्यावं, म्हणजे खेप वाया जात नाही.

हे नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवावेत, शाळेच्या फळ्याशेजारी मोठ्या अक्षरात लिहावेत. मोठ्या पोरांना ते पाठ असावेत. कधी कधी मदत मागायची पहिली हिंमत तेच करतात.